दात्याला हिशोब, दीनाला उपकार

इंग्लंडमधील केटरिंग या लहानशा गावी २ ऑक्टोबर १७९२ रोजी काही बॅप्टिस्ट धर्मोपदेशक एका घरात जमले. परदेशांत ख्रिस्ती मताचा प्रसार करण्यासाठी त्यांनी एक मंडळी स्थापन केली आणि तिच्यासाठी आपापसांत वर्गणी लिहून घेतली. ती वर्गणी भरली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. या मंडळीचा प्राण असलेले विल्यम केरी पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दाखल झाले. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापणारे केरी ते हेच. तेव्हा ख्रिस्ती सेवासंस्थांचा निधी कसा जमतो, कोण जमवतो आणि कोणाच्या नावाने जमवतो, हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्या निधीचा एक प्रवाह दोन शतकांहून अधिक काळ आपल्या अंगणातून वाहतो आहे.

केटरिंगच्या त्या वर्गणीमागे गरीब माणसांचा त्याग होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्या साडेतेरा पौंडांहूनही कमी रकमेपासून निघालेली वाट आज जेथे येऊन पोहोचली आहे, तेथे त्यागाबरोबर एक सुसज्ज, व्यावसायिक आणि कमालीचे हिशोबी यंत्रही उभे आहे. त्या यंत्राची ओळख करून घेतल्यावाचून विदेशी निधीवर चाललेला वाद समजणे शक्य नाही.

कारभारी कोणाचा?

इंग्रजीत या विद्येला ‘डोनर स्टुअर्डशिप’ असे नाव आहे. ‘स्टुअर्ड’ म्हणजे कारभारी. मराठी बायबलातही हाच शब्द योजला आहे. लूकच्या शुभवर्तमानातील कथेत धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो आणि कारभाराचा हिशोब मागतो. कारभारी मालक नव्हे, तो विश्वस्त आहे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. कोणत्याही धर्माच्या माणसाने मान डोलवावी असाच तो अर्थ आहे.

परंतु निधिसंकलनाच्या बाजारात या शब्दाचे काय झाले? तेथे ‘डोनर स्टुअर्डशिप’ म्हणजे दात्याची निगा राखण्याची कला. एकदा देणारा दाता पुन्हा देईल कसा, वर्षाला देणारा महिन्याला देऊ लागेल कसा, महिन्याला देणारा मृत्युपत्रात संस्थेचे नाव लिहील कसा, याची पायरीपायरीने आखणी केलेली असते. देणगी पोहोचताच आभाराचे पत्र गेले पाहिजे. पत्रात दात्याच्या नावाचा उल्लेख हवा. आकडेवारीपेक्षा एका मुलाची गोष्ट सांगावी, कारण हजारांच्या दुःखापुढे माणूस थिजतो, एका चेहऱ्यापुढे मात्र तो खिशात हात घालतो. अमेरिकेत करसवलतीचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, म्हणून मोठे आवाहन नाताळच्या सुमारास करावे. देणे थांबवलेल्यांची यादी वेगळी ठेवावी आणि त्यांना वेगळ्या शब्दांत साद घालावी. मोठ्या दात्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा आणि जमल्यास त्याला त्या गरीब देशाची एक सहलही घडवावी. या साऱ्याचे रीतसर शिक्षण मिळते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात श्रद्धा आणि दान यांच्या अभ्यासासाठी ‘लेक इन्स्टिट्यूट’ ही स्वतंत्र संस्थाच २००२ पासून काम करते आहे.

या पद्धतीला आध्यात्मिक बैठक देणारेही आहेत. हेन्री नौवेन या कॅथॉलिक धर्मगुरूने निधी मागणे हीच एक धर्मसेवा आहे, अशी मांडणी केली. मागणाऱ्याने लाजू नये आणि देणाऱ्यालाही आपल्या धनाच्या ओझ्यातून मोकळे होण्याची संधी द्यावी, असा तिचा आशय. विचार उदात्त आहे. पण त्यात दोनच पात्रे आहेत, मागणारा आणि देणारा. ज्याच्या नावाने मागायचे तो तिसरा माणूस कोठे आहे? झारखंडमधील वनवासी मुलगा, तामिळनाडूतील कोळ्याची मुलगी, मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचे लेकरू यांना त्या संवादात आवाज नाही. तेथे त्यांचे केवळ छायाचित्र असते.

हाच या साऱ्या व्यवहारातील मूळ दोष आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला हिशोब मिळतो, ज्याच्या नावाने घेतले त्याला उपकार मिळतो. हिशोब हा हक्क आहे, उपकाराला मात्र फेड मागितली जाते. ती फेड कशाच्या रूपाने मागितली जाते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

त्यांच्याच घरातील साक्ष

हे हिंदुत्ववाद्यांचे कुभांड आहे असे कोणी म्हणेल. म्हणून साक्ष त्यांच्याच घरातील घेऊ. १९७० च्या दशकात धार्मिक धर्मादाय संस्थांवर कायद्याचा बडगा येणार, अशी चिन्हे अमेरिकेत दिसू लागली. तेव्हा इव्हँजेलिकल संस्थांनी स्वतःहून १९७९ साली ‘इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी’ स्थापन केली. सरकारने हिशोब मागण्यापूर्वी आपणच एकमेकांचा हिशोब तपासू, असा तो पवित्रा होता.

पण त्यानंतर आठच वर्षांत काय घडले? १९८७ च्या आरंभी ओरल रॉबर्ट्स या दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशकाने जाहीर केले की, मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. पैसे जमले! त्याच वर्षी जिम बेकर यांचे साम्राज्य कोसळले. हजार डॉलर द्या आणि आमच्या धार्मिक विहारस्थळी दरवर्षी तीन रात्री फुकट राहा, असे सांगून त्यांनी ‘आजीव भागीदाऱ्या’ विकल्या होत्या. जेवढ्या खोल्या होत्या त्यांच्यात मावणार नाहीत इतक्या त्या विकल्या गेल्या. १९८९ साली २४ आरोपांवर दोषी ठरून बेकर यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे बरीच कमी करण्यात आली. ही फसवणूक कोणाची होती? चर्चवर श्रद्धा ठेवणाऱ्या साध्या ख्रिस्ती कुटुंबांचीच.

२००७ साली सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी विमाने आणि प्रासाद बाळगणाऱ्या सहा बड्या धर्मोपदेशकांच्या संस्थांकडे माहिती मागितली. ग्रासली हे रिपब्लिकन पक्षाचे आणि स्वतः बॅप्टिस्ट, तेव्हा त्यांना चर्चद्वेष्टे म्हणण्याची सोय नाही. सहांपैकी केवळ दोन संस्थांनी पूर्ण सहकार्य केले. २०११ च्या आरंभी अहवाल आला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. याचे एक कारण अमेरिकन कायद्यातच आहे. इतर धर्मादाय संस्थांना उत्पन्न, खर्च आणि अधिकाऱ्यांचे वेतन दाखवणारे वार्षिक विवरणपत्र जाहीरपणे भरावे लागते. ‘चर्च’ असेल तर त्यातून सूट मिळते. परिणामी ‘फोकस ऑन द फॅमिली’ आणि बिली ग्रॅहम यांच्या नावाची संस्था यांच्यासारख्या नामांकित संस्थांनीही कालांतराने करखात्याच्या लेखी ‘चर्च’ हा दर्जा मिळवला. भारतात विदेशी निधीचा हिशोब मागितला की धार्मिक स्वातंत्र्य धोक्यात आल्याची हाकाटी करणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

बकरी, विहीर आणि मुख्यालय

आता या व्यवहाराचे भारताशी जोडलेले एक टोक पाहू. मूळचे केरळचे के. पी. योहन्नान यांनी १९७९ साली अमेरिकेत ‘गॉस्पेल फॉर एशिया’ ही संस्था सुरू केली. आशियातील क्षेत्रकार्यासाठी दिलेला प्रत्येक डॉलर शंभर टक्के क्षेत्रातच पोहोचतो, हे तिचे आकर्षक आश्वासन होते. नाताळच्या सुमारास तिची भेटवस्तूंची यादी निघे. भारतातील गरीब कुटुंबाला बकरी द्या, शिवणयंत्र द्या, गावाला ‘येशूची विहीर’ द्या, मुलाचे पालकत्व घ्या, असे तिचे स्वरूप. ओहायो किंवा टेक्सासमधील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आपल्या पेन्शनमधून ती बकरी पाठवावी, अशी योजना.

२०१५ साली वर सांगितलेल्या त्याच हिशोब तपासणाऱ्या परिषदेने गॉस्पेल फॉर एशियाचे सदस्यत्व रद्द केले. ही संस्था परिषदेच्या आरंभापासूनच्या सदस्यांपैकी एक होती, हे विशेष. विशिष्ट कारणासाठी दिलेला पैसा वेळेवर न वापरणे आणि प्रचंड शिल्लक साठवून ठेवणे असे गंभीर आक्षेप परिषदेने नोंदवले. भारतातील सहयोगी संस्थेकडून सुमारे दोन कोटी डॉलर परत अमेरिकेत, तेथील मुख्यालयाच्या बांधकामासाठी, आल्याची बाबही याच तपासणीत पुढे आली. भारताच्या गरिबीचे चित्र दाखवून जमवलेल्या निधीचा हा प्रवास विलक्षण म्हटला पाहिजे. २०१६ साली देणगीदारांनी अर्कान्सासच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला आणि २०१९ साली ३ कोटी ७० लाख डॉलर देण्याच्या तडजोडीने तो मिटला. तडजोडीत संस्थेने कोणताही अपराध कबूल केला नाही आणि क्षेत्रासाठीचा पैसा अखेर क्षेत्रातच गेला, असे उभय पक्षांनी नमूद केले, हेही सांगितले पाहिजे. भारत सरकारने मात्र २०१७ साली तिच्याशी संबंधित संस्थांची विदेशी निधीची नोंदणी रद्द केली होती. योहन्नान यांच्याच बिलिव्हर्स चर्चने २००५ साली केरळातील चेरुवल्ली येथे २२६३ एकरांचा रबराचा मळा विकत घेतला होता. शबरीमला विमानतळासाठी पुढे निवडली गेलेली आणि मालकीच्या वादात सापडलेली जमीन ती हीच.

या प्रकरणातील एक गोष्ट बारकाईने पाहावी. परिषदेने चौकशी केली ती देणगीदारांच्या वतीने. न्यायालयात गेले ते देणगीदार. तडजोडीचे डॉलर वाटायचे ठरले तेही देणगीदारांनाच. ज्याच्या नावाने बकरी मागितली त्या भारतीय गावकऱ्याला कोणी विचारले काय, की बाबा, तुला बकरी मिळाली का? त्याचे नाव ना तक्रारीत, ना तडजोडीत. अमेरिकन दात्याला न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. भारतीय गरीब मात्र त्या खटल्यात पक्षकारच नव्हता.

अडतीस डॉलरांचे नाते

याच तराजूत ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ला घालून पाहावे. कोरियन युद्धातील अनाथांसाठी १९५२ साली सुरू झालेली ही संस्था एका मुलाला एक दाता जोडून देते. भारतात ती जवळजवळ पाच दशके होती. २०१७ साली बाहेर पडली तेव्हा येथील सुमारे १ लाख ४५ हजार मुले तिच्या योजनेत होती. दाता महिन्याला ३८ डॉलर देई आणि मुलाचे छायाचित्र व पत्रे त्याच्या घरी जात. २०१६ साली गृहमंत्रालयाने पूर्वपरवानगीची अट घातली आणि १५ मार्च २०१७ रोजी संस्थेने भारतातील काम बंद केले. आम्ही कोणाचेही धर्मांतर करीत नाही, असे संस्थेचे म्हणणे होते.

या योजनेमुळे मुलांचा लाभ झालाच नाही असे म्हणणे असत्य ठरेल. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. या योजनेतील मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली, असे त्यात आढळले. सत्य कोणाच्या बाजूचे आहे हे पाहून ते स्वीकारायचे नसते. प्रश्न लाभाचा नाही, प्रश्न अटीचा आहे. कम्पॅशन आपले काम केवळ स्थानिक चर्चमार्फत करते आणि प्रत्येक मुलाला येशूचा संदेश ऐकण्याची संधी मिळावी, हे तिचे उघड धोरण आहे. तिने ते कधी लपवले नाही. मग गावातील मुलाला पुस्तक, जेवण आणि औषध मिळण्याचे एकमेव दार चर्चच्या आवारातच उघडत असेल, तर त्या मुलाची आणि त्याच्या आईची निवड किती मोकळी राहिली? भुकेल्या माणसाचा होकार हा होकार मानायचा काय? धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्टेनिस्लॉस खटल्यात १९७७ साली स्पष्ट केले, त्यामागील चिंता हीच होती.

दात्याच्या बाजूनेही पाहा. ‘जोशुआ प्रोजेक्ट’ नावाचा एक उपक्रम जगातील ‘न पोहोचलेल्या’ जनसमूहांच्या याद्या करतो. त्यात मराठा, कुणबी, धनगर या आपल्या जातीही लोकसंख्येसह नोंदल्या आहेत. अमेरिकेतील चर्चपुढे ही यादी जाते आणि तिच्या आधारे प्रार्थना व निधी यांची आवाहने होतात. तुकोबांचे अभंग पिढ्यान् पिढ्या ओठांवर असलेला वारकरी कुणबी तेथे ‘ज्याच्यापर्यंत देव पोहोचला नाही असा’ म्हणून मांडला जातो. दात्याचे मन द्रवावे म्हणून आपल्या समाजाला अध्यात्मशून्य ठरवणे ही कोणती सेवा?

बॉस्टनचा निवाडा

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि विधवांविषयीची त्यांची कळकळ वादातीत आहे. १८८७ साली त्यांच्या कार्यासाठी बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे तिच्या सभासदांनी ठरवले. त्यातून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. शिक्षण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, हे आश्वासन होते. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर बसले. १८९३ साली विधवा मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळवला जात आहे, असा वाद पेटला. ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे-भांडारकर दूर झाले. हे दोघे काही कर्मठ सनातनी नव्हते! सुधारकांचे ते अग्रणी. पण निर्णय कोणी केला? असोसिएशनच्या अँड्र्यूजबाई अमेरिकेहून आल्या, त्यांनी पाहणी केली आणि त्यांचे समाधान झाले. मुली पुण्याच्या, पालक पुण्याचे, सल्लागार पुण्याचे, निवाडा मात्र बॉस्टनचा. कारण पैसा बॉस्टनचा होता.

पण ही कथा येथे संपत नाही, आणि हिंदू समाजाने तिचा उत्तरार्धच अधिक लक्षात ठेवला पाहिजे. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला. विधवांना शिक्षण हवे, पण त्यासाठी स्वधर्म गहाण पडू नये, हे कर्व्यांनी जाणले. ते केवळ निषेधाचे लेख लिहीत बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्यास नेला आणि गावोगाव हिंडून त्यासाठी वर्गणी गोळा केली. त्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. टीकेला कृतीचे उत्तर ते हेच.

असे निधी या भूमीत जमतात, हे आपण विसरलो आहोत. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी एकनाथजी रानडे यांनी एक एक रुपयाच्या देणगीचे आवाहन केले आणि लक्षावधी सामान्य घरांनी ते उचलून धरले. १९७० साली स्मारक उभे राहिले. त्या रुपयामागे कोणाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हते.

कायदा पुरेसा नाही

२०१० च्या विदेशी अंशदान कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. विदेशी निधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येऊ नये, प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांऐवजी २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशा तरतुदी आल्या. त्या आवश्यकच होत्या. पण कायदा दार बंद करू शकतो, भाकरी देऊ शकत नाही. १५ मार्च २०१७ नंतर त्या १ लाख ४५ हजार मुलांचे काय झाले, हा प्रश्न चर्चने विचारला तर तो टाळता येणार नाही. बंदीचे ज्यांनी स्वागत केले त्यांच्यावर त्या मुलांची फी, वही आणि दुपारचे जेवण यांची जबाबदारी येऊन पडते. ती न उचलता केवळ टाळ्या वाजवणे म्हणजे उपाशी मुलाच्या ताटावर आपला विजय साजरा करणे होय.

म्हणून प्रत्येक घराने महिन्याची एक रक्कम ठरवावी आणि सणावाराची वाट न पाहता ती नियमाने काढावी. आपल्या तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेशी किंवा वसतिगृहाशी स्वतः जाऊन नाते जोडावे. आणि तेथेही हिशोबाचा आग्रह धरावा. संस्था आपल्या विचारांची आहे म्हणून तिचा हिशोब कोणी मागू नये, ही सवलत कोणालाच नको. तो हिशोब देणगीदाराच्या घरी छापील अहवालातून जावाच, पण वर्षातून एकदा तो मुलांच्या पालकांपुढे, त्यांच्या बोलीत, उघड्या सभेत वाचला जावा. तुमच्या लेकरांच्या नावाने इतके आले, इतके खर्च झाले, इतके उरले, काही विचारायचे असेल तर विचारा. ज्या दिवशी तो बाप उभा राहून प्रश्न विचारील, त्या दिवशी त्याच्या मुलाला कोणाचीही फेड करावी लागणार नाही.